चुलीवर टांगलेले आभाळ

५ जून १९३२

रोजनिशी लिहावी असे माझ्या आयुष्यात आजवर काही घडले नाही. आजही फारसे घडलेले नाही, पण एक चित्र घरी येऊन पडले आहे, आणि ते मला नोकरीत कायम करणार आहे असे आप्पासाहेबांचे म्हणणे. तेव्हा नोंद ठेवलेली बरी.

आप्पासाहेब म्हणजे आमच्या रत्नागिरीतले मोठे वकील. वाचनालयाचे अध्यक्ष तेच आणि आमच्या शाळेच्या मंडळाचे चिटणीसही तेच. मी त्या शाळेत ड्रॉइंग मास्तर, हंगामी. माझा हंगाम बरीच वर्षे चालू आहे. दर मे महिन्यात मला काढतात आणि जूनमध्ये पुन्हा घेतात.

एक साहेब नोकरी संपवून विलायतेस गेला. जाताना चांदीची भांडी बरोबर नेली आणि हे चित्र वाचनालयाला देऊन गेला, यावरून काय ते ओळखावे. आप्पासाहेबांनी मागे भर चौकात विलायती कोटांची होळी केली होती. पण हे चित्र त्यांनी दोन्ही हातांनी घेतले. "सखारामपंत, कापड परके असते, कला सर्वांची," म्हणाले. दिवाळीच्या सुमारास मुंबईहून कलेचे एक मोठे जाणकार येणार आहेत. त्यांच्यासमोर मी या चित्रावर व्याख्यान द्यायचे. ते रंगले की मी कायम. वाचनालयाचे छप्पर गळते म्हणून पावसाळाभर चित्र माझ्याकडे. शिपाई काशीराम ते डोक्यावरून घेऊन आला आणि "मास्तर, साहेबानं आत धोंडं भरल्यानीत काय?" असे विचारून गेला.

९ जून

सकाळपासून चित्रासमोर बसलो. पाठीमागे १८५६ असे लिहिले आहे; चिताऱ्याचे नाव लागत नाही. विलायतेतले खेडे. डावीकडे मोठे झाड, खाली ओहोळ, ओहोळात गाई. गाई इतक्या पोसलेल्या की मला पाहूनच लाज वाटली. उजवीकडे पायवाट, तिच्यावर पाठमोरी एक बाई, डोक्याला पांढरे फडके, काखेत टोपली. उरलेले सगळे आभाळ. निम्म्याहून अधिक चित्र म्हणजे नुसते निळे आभाळ! आमच्या एखाद्या पोराने परीक्षेत एवढा कागद मोकळा सोडला तर मी त्याला नापास करतो.

खरे लिहायचे तर मला या चित्रात काही दिसत नाही. म्हणजे गाय दिसते, झाड दिसते, पण वाहवा कशाला करायची ते दिसत नाही. मी जन्मभर सुरई, तांब्या आणि ठोकळा काढले आणि तेच शिकवले. तांब्याच्या दोन्ही बाजू सारख्या आल्या की चित्र चांगले, एवढे मला पक्के ठाऊक. गाईच्या दोन बाजू सारख्या नसतात. मग ती चांगली कशावरून म्हणायची? कोणाला विचारायचीही सोय नाही, कारण गावात चित्रातले कळणारा म्हणून माझेच नाव आहे.

कमळा तांदूळ निवडत बसली होती. कमळा म्हणजे आमचे कुटुंब, माहेर जयगडचे. मान वर करून म्हणाली, "ती बाय कुटं चाललीय ओ?"

"बाजाराला."

"टोपली रिकामी हाय तिची. येवड्या सकालची एकटीच चाललीय. माहेराक जात असंल तर रिकाम्या टोपलीनं कोन जातंय?"

मी तिला सांगितले, कलेत बाई कुठे चालली हे विचारायचे नसते. मग काय विचारायचे असते, हे तिने विचारले नाही म्हणून निभावले.

७ जुलै

गाईंना केस आले. पांढरे, मऊ, भुरभुरीत. चार दिवस पाऊस खळला नाही आणि चित्राने बुरशी धरली. आभाळावरही डाग. मी घाबरलो. फडक्याने पुसले तर उद्या पुन्हा तेच.

कमळा म्हणाली, "चुलीवर टांगा. त्यात काय येवडा?"

आता यात हसण्यासारखे काही नाही. आमच्याकडे पावसाळ्यात जे जे टिकवायचे ते चुलीवरच्या माळ्याला टांगतात. भाताचे बियाणे तिथे, आमसुले तिथे, सुक्या कोळंबीचे सोडे तिथे, वेताच्या डब्यात माझी जन्मपत्रिकाही तिथेच. धूर लागला की बुरशी नाही आणि कीड नाही. कमळाने स्वतःच काथ्याने चित्र नीट बांधले, तोंड खाली करून, म्हणजे धूर बरोबर लागेल. सोड्यांची माळ जरा बाजूला सारली.

२० ऑगस्ट

व्याख्यान लिहितो आहे. नाव 'विलायतेतील प्रभात'. 'रमणीय' हा शब्द एका पानावर इतक्या वेळा आला की तो मला आता गुळगुळीत दिसतो. चित्र बघावे म्हटले तर ते तोंड खाली करून धुरात आहे, त्यामुळे बघण्याची सक्ती टळली. न बघता लेखणी अधिक चांगली चालते असा अनुभव आहे.

१४ ऑक्टोबर

चित्र खाली काढले. संध्याकाळ झाली आहे.

म्हणजे आमच्याकडे नव्हे, चित्रात. आभाळ मधासारखे पिवळे, कडेला तपकिरी. झाड काळे. गाई कुठल्या तरी अंधारात उभ्या. बाई जवळजवळ गेलीच. फडक्याचा एक पिवळा ठिपका उरला आहे. मी ओला फडका फिरवला तर फडका पिवळा झाला आणि चित्र तसेच राहिले. नोकरीचे काय ते कळून चुकले.

कमळा बराच वेळ त्या ठिपक्याकडे बघत उभी राहिली. "मीच केला ह्या," एवढेच म्हणाली आणि परड्यात गेली. तिला रडू फुटले असावे. बायकांना कशाचे काय वाटेल सांगता येत नाही; नोकरी माझी जाणार आहे.

१७ ऑक्टोबर

मार्ग निघाला. व्याख्यानात 'सूर्योदय' खोडून 'सूर्यास्त' लिहिले, 'पक्षी घरट्यांतून निघाले'च्या जागी 'परतले' केले आणि 'प्रभात'चे 'सायंकाळ' केले. बाकीचे सगळे जसेच्या तसे बसले. 'रमणीय' या शब्दाला तर जागासुद्धा बदलावी लागली नाही. यावरून माझ्या व्याख्यानाची किंमत मला कळली, पण ती इथेच राहू दे.

६ नोव्हेंबर

व्याख्यान झाले! वाचनालयात पाय ठेवायला जागा नव्हती. मुंबईचे जाणकार सोनेरी चष्मा लावून चित्रापाशी गेले, अगदी जवळ नाक नेले आणि डोळे मिटले. चित्राला अजून सोड्यांचा वास येत होता आणि माझा जीव त्या सोड्यांत अडकला होता. मग ते वळून म्हणाले, "असा संधिप्रकाश मी विलायतेतसुद्धा पाहिलेला नाही." हे अगदी खरे असावे.

त्यानंतर जे झाले ते मी आवरू शकलो नसतो. आप्पासाहेबांनी उपरण्याने डोळे टिपले. बाजारातल्या गोदूबाई, ज्या कधी कोणाला बरे म्हणत नाहीत, त्या म्हणाल्या, "माझा म्हातारपन दिसला गो मला त्यात." सगळे गाव ते धुरकट फळकूट बघून हळवे झाले. जाणकार चित्र मुंबईच्या प्रदर्शनासाठी मागून घेऊन गेले. ते मानाने परत आले की माझा कायमचा हुकूम काढू, असे आप्पासाहेबांनी सर्वांदेखत सांगितले.

कमळा बायकांत बसली होती. घरी आल्यावर म्हणाली, "सगल्यांनी बगितला. पन वाटेवर बाय हाय, ह्या कोनाच्याच ध्यानात इला नाय."

२२ मार्च १९३३

चित्र परत आले. बंदरावर पडावातून उतरवले, वाजतगाजत वाचनालयात नेले आणि पेटी उघडली. आत सकाळ!

मुंबईवाल्यांनी ते धुऊन पुसून पाठवले होते. सोबत चिठ्ठी, 'काजळी साफ केली आहे.' निळे आभाळ, पांढऱ्या गाई, सगळे स्वच्छ. लोक एकमेकांकडे बघू लागले. मग आप्पासाहेब कडाडले, "हे आपले चित्रच नव्हे! खरे ठेवून घेतले आणि हे टाकाऊ पाठवले. आपल्या सायंकाळाला काजळी म्हणतात!" सगळ्यांना ते लगेच पटले. गोदूबाई तर म्हणाल्या, ही गायसुद्धा वेगळी. आप्पासाहेबांनी तिथल्या तिथे वर्तमानपत्राला पाठवायचा मजकूर सांगितला.

सगळे गेल्यावर मी चित्रासमोर एकटा राहिलो. मला फक्त माझी मान कशी वाचवायची हे बघायचे होते. पण डोळा आभाळावर गेला आणि तिथेच राहिला. ते नुसते निळे नाही. खाली, शेताच्या कडेला, ते दुधाळ आहे. वर चढताना ते इतके हळूहळू निळे होत जाते की कुठे बदलले ते सापडत नाही. मी पुन्हा पुन्हा शोधले. त्या माणसाने गाई पटकन उरकल्या आहेत, झाड तर कसेतरीच, पण आभाळावर तो किती दिवस बसला असेल! पहाटेचा गारवा अंगाला लागला. मला एकदम आनंद झाला, आणि लगेच स्वतःचा रागही आला. एवढी पाने लिहिली, त्यात याच्यातले एक अक्षर नव्हते.

२ एप्रिल

आप्पासाहेब स्वतः घरी आले. चित्रही काशीरामाच्या डोक्यावर बरोबर होते. मी तज्ज्ञ म्हणून लिहून द्यायचे की हे चित्र ते नव्हे. मी ततपप करू लागलो. इतक्यात दारामागून कमळा बोलली.

"बदली काय नाय झाला, आप्पासायब. चित्र ह्याच हाय. तुमची संध्याकाल म्हंजे आमच्या चुलीचा धूर होता."

मला जमिनीने गिळले तर बरे असे वाटले. आप्पासाहेबांनी उपरण्याने कपाळ पुसले. वकील माणूस, वर्तमानपत्रात छापून आलेले त्यांच्या डोळ्यांपुढे असणार. मग हळूच म्हणाले, "धूर किती दिवसांचा?"

"पावसाल्याभरचा."

"ठीक. सखारामपंत, हे चित्र 'चौकशीसाठी' तुमच्याकडे राहील. पावसाळाभर पुन्हा टांगा. दसऱ्याला संध्याकाळ परत आली की मी जाहीर करीन, मुंबईने घाबरून खरे चित्र मुकाट्याने परत केले. त्याच दिवशी तुम्ही कायम. नाही आली तर चित्र खोटे, आणि तुमच्या जागेवर माझा भाचा रघू आहेच."

मी हो म्हणालो. लगेच म्हणालो. विचार करायला वेळ मागितला असता तर निदान इथे लिहायला बरे दिसले असते.

आप्पासाहेब गेल्यावर कमळाने चित्र भिंतीला टेकवून ठेवले. बाईच्या पाठीवर बोट ठेवून म्हणाली, "मला वाटला होता मी मारलंय तिला."

"पुन्हा टांगावे लागेल," मी म्हणालो.

"बरं," ती म्हणाली.

१२ जून

टांगले. आभाळ खाली करून. काथ्याची गाठ मारताना मी डोळे दुसरीकडे ठेवले. निळे काय, आपल्या परसातून वर पाहिले की फुकट दिसते, असे स्वतःला सांगितले. जूनमध्ये तेही दिसत नाही हे नंतर लक्षात आले.

२८ जून

घरात गैरसोय सुरू झाली आहे. मांजर चुलीतच व्याले. कमळा म्हणते, पिल्लांचे डोळे उघडेपर्यंत चूल पेटवायची नाही. मागच्या पडवीत तीन दगड मांडून स्वयंपाक करते. माझी नोकरी धुरावर अवलंबून आणि धूर मांजरावर!

१९ जुलै

पिल्ले कौलांवर चढू लागली तरी स्वयंपाक पडवीतच. विचारले तर म्हणते, आतली चूल खचली, माती लिंपायला ऊन हवे. जुलैत ऊन कुठून आणणार? पडवीतला धूर दारातून आत जातोच, असेही म्हणते. भाकरीला पावसाची चव येते. कमळाला खोकला झाला आहे. मी म्हणालो, "निदान लाकडे तरी ओली घाल, धूर जास्त होईल." तिने मान डोलावली.

८ ऑगस्ट

चित्रावर अजून काही फरक नाही. स्वयंपाकघराच्या दारातून वाकून बघितले, निळेच आहे. मुंबईवाल्यांनी वरून काही तरी लावले असावे. विलायती रंग बनेल. बुरशीही नाही, हे एक नवल. आप्पासाहेब रस्त्यात भेटले की आभाळाकडे बोट करून विचारतात, "काय, मावळतीला लागले का?" मी हसतो. मग पहिल्या गल्लीत वळतो.

३० ऑगस्ट

आज नदीनाल्यांना पूर म्हणून शाळा लवकर सुटली. भर दुपारी घरी आलो. पुढच्या दाराने हाक मारली, उत्तर नाही. स्वयंपाकघरात गेलो. चूल लख्ख सारवलेली. कुठेही खचलेली नाही. आत राख नाही की मांजराचा केस नाही. आणि चित्राखाली एका घमेल्यात निखारे, वर राखेचा थर, धुराची रेघसुद्धा नाही; नुसती ऊब वर जात होती.

मागच्या पडवीत गेलो. झड आडवी आत येत होती. कमळा उकिडवी बसून फुंकणीने जाळ फुंकत होती. इरले होते, पण ते तिने स्वतःवर न घेता विस्तवावर धरले होते. लुगडे पाठीला चिकटलेले, डोळे लाल. खोकला आला की फुंकणी बाजूला धरून खोकत होती आणि पुन्हा फुंकत होती. जून महिन्यापासून हे असे चालले आहे आणि मी रोज तिथे बसून भाकरीला नावे ठेवत जेवलो.

"हे काय चालवले आहेस?" मी म्हणालो.

ती दचकली. मग म्हणाली, "निखारं हितं करतंय आनि आत नेतंय. बुरशी नको आनि धूर पन नको."

"आणि माझी नोकरी?"

"ती पन पायजे. म्हनूनच बोलले नाय." तिने फुंकणी खाली ठेवली. "तिला परत काली करायचा माज्यानं होयत नाय ओ. तुमाला सांगितला असता तर तुमी लगेच म्हनला असतात, नको टांगूस, जाव दे नोकरी. मग नोकरी माज्यापायी गेली असती. त्यापेक्षा रंगच धरना, असा झाला तर कोनाचाच दोष नाय."

मी तिथेच पडवीच्या कडेला बसलो. पाऊस अंगावर येत होता. मी लगेच म्हणालो असतो, जाऊ दे नोकरी! असे हिला वाटत होते. आप्पासाहेबांना मी किती लगेच हो म्हणालो ते दारामागून ऐकूनही हिला असे वाटत होते. माझ्याविषयी इतके चांगले मत जगात कोणाचे असेल हे मला माहीत नव्हते, आणि ते खोटे आहे हे सांगायची माझी हिंमत झाली नाही.

"जाऊ दे नोकरी," मी म्हणालो.

"बगा, म्हनलेच होते मी," ती म्हणाली आणि जाळाकडे वळली.

मी आतून छत्री आणली आणि भाकऱ्या होईपर्यंत तिच्यावर धरून उभा राहिलो. शेजारच्या गंगुबाई कुंपणावरून बघत होत्या. उद्या गावभर होईल.

२९ सप्टेंबर

काल दसरा. चित्र वाचनालयात नेले आणि मंडळासमोर उभे केले. लख्ख सकाळ. आप्पासाहेबांचा चेहरा बघण्यासारखा होता.

"धूर दिला नाहीत?"

"नाही."

"का?"

याच्यावर व्याख्यान देता आले असते, पण एकही रमणीय शब्द सुचला नाही. "चांगले चित्र आहे हो," मी म्हणालो. "आभाळ बघा तरी एकदा." कोणी बघितले नाही. सगळे माझ्याकडे बघत होते.

ठराव झाला. मुंबईहून आलेले चित्र खोटे ठरले. माझी जागा रघूला मिळाली. त्याचा तांब्या माझ्यापेक्षा सरळ येतो, हे मान्य केले पाहिजे. मग खोट्या चित्राचे करायचे काय, हा प्रश्न पडला. वाचनालयात ठेवले तर बेअब्रू, जाळले तर पुरावा गेला असे म्हणतील. अखेर आप्पासाहेब वैतागून म्हणाले, "ज्याच्या घरी पावसाळाभर होते त्या मास्तरालाच द्या. दंड समजा."

१५ ऑक्टोबर

बंदरावर काम मिळते आहे. पावसात शाकारून ठेवलेली गलबते पाण्यात जायच्या आधी त्यांची नावे नव्याने लिहायची आणि काठाला पट्टा ओढायचा. त्यातल्या एका गलबताच्या धाकू तांडेलाला निळा पट्टा हवा आहे. मी म्हणालो, असा निळा देतो की दर्यात दुसऱ्या कोणाकडे नसेल.

तो निळा जमत नाही. घरी येतो, माजघराच्या खिडकीसमोर टांगलेले आभाळ बघतो, सापडले असे वाटते, बंदरापर्यंत जाईतो डोळ्यांतून निसटते. पुन्हा घरी. धाकू तांडेल म्हणतो, मास्तराला वेड लागले. आज मी परत दारात आलो तेव्हा कमळाने खिडकीचे दार पुरते उघडले, मला पाट दिला आणि चित्रासमोर माझ्या शेजारी येऊन बसली.